पहाटे चालायला कोणी सांगितलं

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. आम्ही दोघं एकाच मेडिकल कॉलेजात शिकवतो, रोज एका गाडीतून जातो, दुपारचा डबा बरेचदा एकत्र खातो — आणि तरी इतक्या वर्षांत हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. खरं तर वाटलं. दोनदा-तीनदा तोंडाशी आलं. मग मी भाजीत मीठ कमी आहे असं काहीतरी म्हणाले.

आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का, ते मला नीट कळलेलं नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून असेल.

आधी मी काय करते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी चंद्रपुरात एमबीबीएसच्या मुलांना शिकवते. माझा विषय जनआरोग्य — मुलं ज्या तासाला मागच्या बाकांवर झोपतात तो विषय. त्यातही मी एक गोष्ट जीव लावून शिकवते: रुग्णाला व्यायाम कसा सांगायचा. हसू आलं ना? सगळ्यांना येतं. त्यात शिकवायचं काय, असं माझ्या बरोबरीचे प्राध्यापकही म्हणत. चाला म्हणायचं, झालं.

झालं का पण? ही मुलं गोळीचा डोस मिलिग्रॅमपर्यंत पाठ करतात. जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर चालत नाही, किडनी खराब असेल तर किती कमी करायचा — सगळं तोंडावर. आणि व्यायामाची वेळ आली की एक शब्द. चाला. कुठे? केव्हा? गुडघ्यात कळ येत असेल तर? घरातून बाहेर पडू देत नसतील तर? जी बाई दिवसभर वाकून धानाची रोवणी करते तिला आणखी चालायला सांगायचं की संध्याकाळी पाठ टेकायला सांगायचं? मागच्या आठवड्यात जिवतीच्या डोंगरातून एक म्हातारी आली होती. चढावरून पाण्याचे हंडे आणून आणून तिची कंबर गेलेली. माझ्या एका विद्यार्थ्यानं तिच्याकडे न बघता सांगितलं, ‘‘आजी, रोज थोडं चालत जा.’’ मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. असं ओरडले की बाजूच्या खोलीतली सिस्टर डोकावून गेली.

आणि मग खोलीत जाऊन बसले. मला आठवलं की ओरडण्याचा हक्क मी कधीच गमावला आहे.

सांगते. जरा दमानं घेऊ द्या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. व्यायामाचा सल्ला द्यायला शिकवण्यासाठी मला वेळापत्रकात तास हवे होते आणि कोणी देत नव्हतं. मी डीन सरांच्या खोलीबाहेर किती वेळा उभी राहिले असेन. शेवटी मिळाले — आठवड्यातली एक सकाळ, तीही ओपीडीच्या गर्दीत. मी हरखून गेले होते. आधी वर्गात शिकवायचं, मग मुलांनी खऱ्या रुग्णाशी बोलायचं, मी बाजूला उभी राहून ऐकायचं. माझी स्वतःची कल्पना होती ती. मला तिचा अभिमान होता. ह्या अभिमानाकडे लक्ष ठेवा, पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

त्या तुकडीत प्रणय नावाचा मुलगा होता. सावली तालुक्यातला. आईवडील धानाच्या बांधीत राबणारे, घरात शिकून डॉक्टर होणारा हा पहिलाच. बोलायला हळू. इतका हळू की मला त्याची घाई व्हायची. पण माझ्या तासाला जागा राहणारा तो एकटा होता. वर्गात एकदा म्हणाला होता, की माझ्या बाबाला बीपीसाठी डॉक्टरनं चालायला सांगितलं, तेव्हा बाबा घरी येऊन विचारत होता — मी चालत नाही तर दिवसभर काय करतो? सगळे हसले. मीही हसले. चांगला प्रश्न आहे म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

त्या सकाळी मोहर्लीचे सुखदेवभाऊ आले. ताडोबात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीचे ड्रायव्हर. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, पोट सुटलेलं, साखर वाढलेली, बीपी वाढलेलं. उभा जन्म जंगलात, पण सगळा बसून — गाडीतून खाली पाय ठेवायची जंगलात परवानगीच नसते. मी प्रणयला पुढे केलं. म्हटलं, बोल.

तो बोलला. म्हणजे, त्यानं विचारलं. सकाळी केव्हा उठता, गाडी केव्हा लागते, मधल्या वेळात काय करता. सुखदेवभाऊ खुलले. सांगू लागले, की सकाळची फेरी झाली का दुपारच्या फेरीपर्यंत ते रिकामे असतात, झाडाखाली गाडीतच झोपतात. प्रणय म्हणाला, ‘‘मग त्या वेळात चालता येईल ना, भाऊ? गावातच. एकदम नाही, दहा-दहा मिनिटं. ऊन असलं तर शाळेच्या व्हरांड्यात.’’ सुखदेवभाऊ मान डोलावत होते. त्यांच्या डोक्यात तो व्हरांडा उभा राहिला होता, मला दिसत होतं ते.

आणि बाहेर रांग वाढत होती. शिपाई दोनदा आत डोकावून गेला होता. मी मधेच तोडलं. म्हणाले, ‘‘चंद्रपूरच्या उन्हात दुपारी चालवतोस बीपीच्या माणसाला? पहाटे चालायचं, भाऊ. पाच-साडेपाचला, गार असतं तेव्हा. भराभर, अर्धा तास. गाडीला फेरीचा नंबर नसेल त्या दिवशी तर चुकवायचंच नाही.’’

प्रणय म्हणाला, ‘‘मॅडम, पहाटे तिकडे जनावर असते —’’

आता ऐका. मी काही बाहेरून आलेली नव्हते. मी ह्याच जिल्ह्यात वाढले. जंगलाला लागून असलेल्या गावात उजाडायच्या आधी कोणी एकटं बाहेर पडत नाही, हे मला कळत्या वयापासून माहीत होतं. लहानपणी मामाच्या गावी आम्हाला पहाटे परसाकडेसुद्धा एकटं जाऊ देत नसत. मला माहीत होतं. पण त्या क्षणी एक विद्यार्थी मला रुग्णासमोर दुरुस्त करत होता, आणि मला ते खपलं नाही.

मी म्हणाले, ‘‘का रे, वाघ काय शुगरच्या पेशंटची वाट बघत बसलाय?’’

मुलं हसली. सुखदेवभाऊही हसले — डॉक्टरीणबाई हसते आहे तर आपणही हसावं, तसं. प्रणय खाली बघू लागला. मी पुढच्या रुग्णाला बोलावलं. सगळं मिळून किती वेळ लागला असेल? चहा गार व्हायलाही त्याहून जास्त लागतो.

मग मोहाचे दिवस आले. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वेचायला बायाबापड्या अंधारात निघतात — पण घोळक्यानं, आवाज करत. अस्वलालाही ती फुलं आवडतात. सुखदेवभाऊंच्या गाडीचा त्या दिवशी नंबर नव्हता. ते एकटे, हातात काठी घेऊन, गावाबाहेरच्या रस्त्यानं भराभर चालत होते. मी सांगितलं होतं तसं. रस्त्याच्या कडेला मोहाखाली अस्वलीण होती, पिलासकट. फुलं वेचणाऱ्या बायका ओरडत धावल्या म्हणून जीव वाचला. चेहरा वाचला नाही. अस्वल चेहऱ्यावर येतं.

त्यांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात छोटी बातमी होती. त्यात एक वाक्य होतं, की डॉक्टरच्या सल्ल्यावरून ते पहाटे फिरायला जात असत. त्यांची बायको मंदाबाई कोणाजवळ तरी तसं बोलली होती. डॉक्टर म्हणजे कोण, ते तिला माहीत नव्हतं. डीन सरांनी मला बोलावलं. पेपर टेबलावर पडला होता. ते रागावलेले नव्हते, वैतागलेले होते. त्यांनी विचारलं, ‘‘पहाटे चालायला कोणी सांगितलं ह्या माणसाला?’’

काय सांगायचं होतं मला? दोन शब्द. मी सांगितलं. बस. त्यानं काय झालं असतं? नोकरी गेली नसती. लेखी समज मिळाली असती, चार लोक कॅन्टीनमध्ये बोलले असते. फार तर माझे ते तास गेले असते.

मी म्हणाले, ‘‘सर, ती विद्यार्थ्यांच्या सरावाची वेळ होती. त्या दिवशी प्रणय पेशंटशी बोलला.’’

बघा, दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकही शब्द खोटा नाही. मी तेव्हा स्वतःला हेच सांगत होते. सरांनी जो अर्थ काढायचा तो काढला, आणि मी तो काढू दिला. त्यांनी विचारलं, तुम्ही थांबवलं नाही का त्याला? मी म्हणाले, गर्दी होती सर. माझी चूक झाली. — चूकसुद्धा कबूल केली मी, पण दुसरी. सोयीची. सर म्हणाले, पोरगं आहे, लहान आहे, लेखी काही नको. तुम्हीच समज द्या त्याला.

मीच.

मी प्रणयला खोलीत बोलावलं. दार लावलं नाही, कारण दार लावलं तर तो बोलेल अशी भीती होती. म्हणाले, रुग्णाला सल्ला देताना त्याच्या परिसराचा विचार करावा लागतो. तुझ्या बोलण्यातून त्या माणसाचा गैरसमज झाला. पुढे काळजी घे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘मॅडम, मी तर दुपारचं सांगितलं होतं.’’

मी म्हणाले, ‘‘तुला नीट आठवत नाही, प्रणय.’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला आज इतकं जड गेलं नसतं. राग नव्हता. तो आठवत होता. खरोखर आठवून बघत होता — आपण काय बोललो होतो, आपलं काही चुकलं होतं का. मॅडम म्हणतात म्हणजे चुकलं असेल. मग म्हणाला, ‘‘हो मॅडम.’’ आणि गेला.

त्या तुकडीतली बाकीची मुलं? ती होती तिथे. त्यांनी ऐकलं होतं, हसलीही होती. एकही बोललं नाही. त्यांचे मार्क माझ्या हातात होते, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. लोक खोटं बोलतात, घाबरतात, लहानांच्या अंगावर ढकलतात. मी एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. मघापासून तिच्या भोवती फिरते आहे.

डीन सरांकडे जाण्याआधी मी वॉर्डात गेले होते.

सुखदेवभाऊ कोपऱ्यातल्या खाटेवर होते. त्याच दिवशी त्यांना नागपूरला हलवायचं ठरलं होतं. डोकं, गाल, सगळं पट्ट्यांत. डावा डोळा गेला होता. जबडा मोडला होता, तारेनं बांधला होता. मंदाबाई पायाशी बसून होती, तिनं मला ओळखलं नाही. तिच्या लेखी मी पांढऱ्या कोटातली एक बाई. त्यांनी मात्र ओळखलं. उजव्या डोळ्यानं. त्यांनी हात उचलून नमस्कार केला. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, घशातून नुसता आवाज आला. सिस्टर म्हणाली, मॅडम, त्यांना बोलता येणार नाही, बरेच दिवस.

आणि मला बरं वाटलं.

हे आहे ते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. एका माणसाचा जबडा मोडून पडला आहे, तो मला नमस्कार करतो आहे, आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं. सुटल्यासारखं. खांद्यावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, आराम करा म्हणाले, आणि जिना चढून सरांच्या खोलीत गेले. पुढे ती दोन खरी वाक्यं इतक्या सहज कशी निघाली, ते आता तुम्हाला कळलं असेल. ज्याला सगळं माहीत होतं त्याला बोलता येत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. माझे तास गेले नाहीत. पण सरांनी नियम केला, की विद्यार्थ्यांनी रुग्णाला स्वतःहून काही सांगायचं नाही. म्हणजे काय, तर मी बोलायचं आणि मुलांनी बघायचं. कितीतरी तुकड्या अशा गेल्या. त्यांना विचारायची सवयच लागली नाही. कुठे राहता, केव्हा मोकळे असता, कशाची भीती वाटते — हे विचारणारा एकच मुलगा मला मिळाला होता. आता नियम सैल झाला आहे, मुलं पुन्हा बोलतात, आणि बोलतात काय? चाला. मी चिडते, ओरडते, त्याच त्याच गोष्टी पुन्हा शिकवते, वर्षानुवर्षं डोकं आपटते. कोणावर चिडायचं मी? आत्ताच्या मुलांना हे कोणी शिकवलं?

प्रणय चांगल्या मार्कांनी पास झाला. पुढे नागपुरात रेडिओलॉजीला लागला. पेढे घेऊन आला होता. मी विचारलं, रेडिओलॉजी का रे, तुला तर माणसांत राहायला आवडायचं. तो म्हणाला, ‘‘तिथे पेशंटला काही सांगावं लागत नाही, मॅडम.’’ टोमणा नव्हता. त्याला मला दुखवायचं असतं तर मी समजू शकले असते. तो सरळ उत्तर देत होता. मी पेढा खाल्ला.

ह्या हिवाळ्यात मोहर्लीच्या शाळेत आरोग्य शिबिर होतं. मी मुलांना घेऊन गेले. जाताना वाटत होतं, सुखदेवभाऊ भेटू नयेत. ताडोबाच्या गेटजवळ मंदाबाईची पोहे-तर्रीची टपरी आहे, हे मला आधीच कळलं होतं, म्हणून मी गाडी लांबून घ्यायला लावली. सुखदेवभाऊ स्वतःच शाळेत आले. चेहऱ्याची एक बाजू ओढलेली, डावा डोळा मिटलेला. एका डोळ्यावर गाडी चालवू देत नाहीत. ते आता टपरीवर बसतात. वजन उतरलं होतं. बोलणं थोडं अडखळत, पण कळत होतं.

‘‘वळखलं का मॅडम मले?’’

मी म्हणाले, हो भाऊ. कसे आहात?

‘‘बरा हावो. साखर कमी आली. आता दुपारी चालतो, इथीच, शाळेच्या व्हरांड्यात.’’ मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलांवरून नजर फिरवली. ‘‘थो पोरगा नाई आला काय? सावलीवाला. थो कुठी हाये आता?’’

मी म्हणाले, तो नागपूरला आहे. मोठा डॉक्टर झाला.

ते हसले. ओढलेल्या बाजूमुळे अर्धंच हसू आलं. ‘‘होईनच. हुशार होता. त्यानं मले दुपारचंच सांगतलं होतं, मॅडम. पहाटे जनावर रायते, हेबी बोलला थो. मीच नाई आयकलं. जंगलातला माणूस मी, मले समजाले पायजे होतं.’’

मुलं ऐकत होती.

‘‘तुमची गाठ पडन त्याची,’’ सुखदेवभाऊ म्हणाले. ‘‘त्याले एक सांगजा. सुखदेव म्हणे, तुह्यं बरोबर होतं, मी आयकलं नाई, चूक माही होती. त्याच्या मनात काही राहू नये. सांगसान ना?’’

मी हो म्हणाले.

प्रणयचा नंबर माझ्याकडे आहे. निरोप मी दिलेला नाही.